सर, काय फरक पडतो?

रमजानचा सातवा-आठवा रोजा असेल. असरची नमाज झाली होती आणि इफ्तारला अजून तासभर होता. रोजेदाराच्या दिवसातला हा शेवटचा तास फार चिवट. घशाला कोरड पडलेली, स्वयंपाकघरातून भजी तळल्याचा वास येतोय आणि घड्याळाचा काटा काही केल्या पुढे सरकत नाही. अशा वेळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला.

कॉलेजात हा पहिल्या बाकावर बसायचा. तत्त्वज्ञानाच्या तासाला मनापासून प्रश्न विचारणारी मुलं वर्षाला एखाददुसरीच मिळतात, त्यातला हा. पदवीनंतर पुण्याला गेला आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत काही वर्षं घातली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला, पण अंतिम यादीत नाव आलं नाही. आता परत आलाय. वडिलांचं शिलाईचं दुकान आहे. ईद जवळ आली की वडील मशीनवर रात्रीचे दोन वाजवतात आणि हा शेजारी बसून बटणं लावतो, तेही सांगितलं तर. गावातल्या एका अभ्यासिकेनं त्याला मुलांना शिकवायला बोलावलं होतं. महिना झाला, यानं ‘हो’ म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही.

“रोजा आहे ना?” मी सहज विचारलं.

“नाही सर.” थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ठेवला काय आणि नाही ठेवला काय, काय फरक पडतो? शंभर वर्षांनी तुम्ही नसाल, मी नसेन, माझे पेपर तपासणारेही नसतील. एक दिवस सूर्यसुद्धा विझणार म्हणतात. मग अभ्यासिकेत शिकवलं काय, दुकानात बसलो काय, नाहीतर दिवसभर झोपून राहिलो काय, सगळं सारखंच की.”

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पडलो मास्तर. कुणी असा प्रश्न केला की मला समोर फळाच दिसायला लागतो. मी सुरू झालो. या विचाराला निहिलिझम म्हणतात, तुर्गेनेव्हच्या 1862 सालच्या ‘फादर्स अँड सन्स’ या कादंबरीतल्या बझारोव्हनं हा शब्द गाजवला, मग नीत्शे आला. मराठीत कुणी याला शून्यवाद म्हणतात, पण तो शब्द नागार्जुनाच्या विचारासाठी रूढ आहे आणि नागार्जुनाचं म्हणणं ‘काहीच नाही’ असं नव्हतं, म्हणून आपण ‘निरर्थवाद’ म्हणू. वीस मिनिटं मी बोलत होतो. तो अदबीनं ऐकत होता. मगरिबची अजान झाली. बायकोनं पुढे केलेल्या ताटातून त्यानं एक खजूर घेतला, पाणी प्यायला आणि उठला. दारात चपला घालताना म्हणाला, “सर, हे पेपरात आलं असतं तर मी छान लिहिलं असतं. पण मी वेगळं विचारत होतो.”

त्या रात्री तरावीहला उभा होतो, पण चित्त त्या एका वाक्यावरच होतं.

आंबा विचारला, उत्तर फणसाचं

मला आठवला तो अडीच हजार वर्षांपूर्वीचा मगधाचा राजा अजातशत्रू. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात त्याची कथा येते. धर्मानंद कोसंबींसारख्या अभ्यासकांमुळे बुद्धकाळातली ही सारी मंडळी मराठी वाचकाला अनोळखी राहिलेली नाहीत.

पौर्णिमेची रात्र आहे. राजा अमात्यांसह राजवाड्याच्या गच्चीवर बसला आहे. चांदणं सुंदर आहे, पण राजाचं मन थाऱ्यावर नाही. कुणाकडे जावं म्हणजे मनाला शांतता मिळेल, असं तो विचारतो. अमात्य एकेका आचार्याचं नाव सुचवतात. राजवैद्य जीवक गप्प असतो. अखेर त्याच्याच आमराईत उतरलेल्या बुद्धांकडे राजा जातो.

तिथं तो विचारतो ते एखाद्या व्यापाऱ्यानं विचारावं तसं. माहूत, सारथी, आचारी, न्हावी, विणकर, हे सगळे आपापल्या कामाचं फळ याच जन्मात बघतात. त्यावर स्वतःचं आणि बायकामुलांचं पोट भरतात. तसं संन्यासाचं इथं, डोळ्यांना दिसेल असं फळ कोणतं? आणि राजा सांगतो, हाच प्रश्न मी आधी सहा आचार्यांना विचारला होता.

त्या सहांपैकी पूरण कस्सपाचं उत्तर असं की, गंगेच्या दक्षिण तीरावरून कुणी कत्तल करीत गेला तरी पाप नाही आणि उत्तर तीरावरून कुणी दान करीत गेला तरी पुण्य नाही. अजित केसकंबलीचं म्हणणं, माणूस चार महाभूतांचा बनलेला, मेल्यावर ती आपापल्या जागी परत जातात, दानधर्म वगैरे मूर्खांची शिकवण. म्हणजे ‘काय फरक पडतो’ हा विचार युरोपातून आलेला नाही. तो आपल्याच गंगेच्या काठचा आहे.

राजाची तक्रार मोठी मार्मिक आहे. आंब्याबद्दल विचारावं आणि समोरच्यानं फणसाच्या जातीतल्या भलत्याच फळाचं वर्णन करावं, तसं झालं म्हणतो. मी दारात उभा राहून ऐकलं ते हेच. पोरानं आंबा विचारला होता आणि मी वीस मिनिटं फणस सोलत बसलो होतो.

पण या कथेतला खरा चटका शेवटी आहे. बुद्धांचं बोलणं ऐकून झाल्यावर राजा कबुली देतो, की राज्याच्या लोभानं मी माझ्या धार्मिक बापाला मारलं. आता मागे वळून त्या सहा उत्तरांकडे पाहा. बापाच्या खुनाचं ओझं घेऊन फिरणाऱ्या माणसाला पूरण कस्सपानं केवढी मोठी सवलत देऊ केली होती! कशालाच पाप-पुण्य नाही, तर बिंबिसाराला मारलं त्यातही काही नाही. राजा ते ऐकून शांत झोपायला हवा होता. तो झोपला नाही. निषेध न करता उठून आला आणि पौर्णिमेच्या रात्री पुन्हा दारं शोधत निघाला.

यानं पूरण कस्सपाचा सिद्धान्त खोटा ठरत नाही. माणसाला चैन पडत नाही म्हणून जगाला अर्थ आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. एवढं मात्र कळतं, की तो सिद्धान्त ज्याच्या सर्वांत सोयीचा होता त्यालाही तो वापरता आला नाही.

एका मुक्कामावरून दोन रस्ते

निरर्थवाद खरा आहे की खोटा, हा एक प्रश्न. तो खरा मानला तर काय करायचं ते ठरवताना त्याचा उपयोग होतो का, हा दुसरा. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न दुसरा होता. आणि त्याचं उत्तर शोधायला पहिला सुटण्याची वाट बघावी लागत नाही.

अल्बेर कामू 1913 साली अल्जीरियात जन्मला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा ताबा असताना तो ‘कोंबा’ या भूमिगत वृत्तपत्रात काम करत होता. त्या काळात, 1943 ते 1944 मध्ये, त्यानं एका कल्पित जर्मन मित्राला उद्देशून चार पत्रं लिहिली. शेवटच्या पत्रात तो एक अवघड गोष्ट मान्य करतो. या जगाला वरून दिलेला अर्थ नाही, असं आपण दोघंही फार काळ मानत आलो. सुरुवात एकच होती. तू त्यावरून ठरवलंस की मग चांगलं-वाईट सगळं सारखंच, ज्याच्या हाती बळ त्याचंच खरं. मी त्याच जागेवर उभा राहून न्यायाची बाजू घेतली. जग अर्थ देत नसेल, पण माणूस तो मागतो, आणि मागणाऱ्याला तुडवायचं नाही, एवढं मला कळलं. त्याच्या म्हणण्याचा आशय हा असा.

इथं थांबून विचार करायला हवा. एकाच विधानावरून एक माणूस छळछावणीच्या बाजूला गेला आणि दुसरा तिच्याविरुद्ध जीव धोक्यात घालून वृत्तपत्र छापत राहिला. म्हणजे फैसला त्या विधानानं केलाच नव्हता. कुणी सत्तेच्या हावेनं केला, कुणी दुसऱ्याच्या दुःखाची कणव वाटून केला.

पुढे 1947 साली कामूची ‘प्लेग’ ही कादंबरी आली. अल्जीरियातल्याच ओरान शहरात साथ येते, वेशी बंद होतात आणि डॉक्टर रिय रोज रुग्णांच्या घरी जात राहतो. देवावर त्याचा विश्वास नाही, साथ हटेल याची खात्री नाही. करोनाच्या दिवसांत ही कादंबरी जगभर पुन्हा वाचली गेली ती काही उगाच नाही. ज्यांनी त्या दिवसांत अनोळखी माणसांना खांदा दिला, त्यातले काही नमाजी होते, काही माळकरी होते, काही काहीच न मानणारे होते. दफनभूमीत आणि स्मशानात घामानं भिजलेले ते सगळे सारखेच दिसत होते.

तागडीचा हिशेब

‘शंभर वर्षांनी काय फरक पडणार’ या वाक्यात एक गंमत लपलेली आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी 1971 साली एका निबंधात ती दाखवली. माझ्या भाषेत सांगतो. शंभर वर्षांनंतरच्या लोकांना माझ्या आजच्या वागण्याशी देणंघेणं नाही, बरोबर. मग मी तरी आज त्यांच्या मताशी देणंघेणं का ठेवावं? त्यांचा शेरा माझ्या वहीवर नाही, म्हणून वही फाडायची कशाला? शेजारच्या मुलाला ताप आहे, त्याला औषध हवंय, ते आत्ता. शंभर वर्षांनी हवं असणार नाही म्हणून त्याचा आताचा ताप उतरत नाही.

दुसरी गोष्ट, निरर्थवाद पूर्ण मानला तर तो झोपून राहायलाही सांगत नाही. कशालाच काही किंमत नसेल तर उठण्याला नाही, तशी झोपण्यालाही नाही. ‘काही अर्थ नाही, म्हणून मी काही करत नाही’ असं म्हणणाऱ्यानं त्या ‘म्हणून’मध्ये काहीतरी गुपचूप घुसवलेलं असतं. थकवा, भीती, रुसवा, कधी नुसता आळस. निकाल त्याचा असतो, सही मात्र तत्त्वज्ञानाची घेतलेली असते.

तिसरी गोष्ट कुठल्याही किराणा दुकानदाराला पटेल. समजा, जगात अर्थ आहे की नाही हे नक्की माहीत नाही. नसेल, तर चांगलं वागून मी काही गमावलं असं म्हणताच येत नाही, कारण गमावण्यासारखं काही नव्हतंच. असेल, तर वाईट वागून किंवा हात बांधून बसून मी खरंच काही गमावलं. एका पारड्यात शून्य आणि दुसऱ्यात थोडं का होईना काहीतरी, तर तागडी झुकणार कुणीकडे? फ्रान्सच्या पास्कलनं सतराव्या शतकात ईश्वराच्या बाबतीत अशी मांडणी केली. त्याच्या साडेपाचशे वर्षं आधी इमाम गझालींच्या लिखाणात परलोकाबद्दल अशीच मांडणी येते.

मात्र ही तागडी कुणीकडे झुकायचं एवढंच सांगते, नेमकं काय करायचं ते सांगत नाही. अभ्यासिकेत शिकवायचं की दुकानात बसायचं, ते ठरवायला माणसं बघावी लागतात, गरज बघावी लागते, स्वतःचा पिंड बघावा लागतो. ती रोजची कामं आहेत आणि निरर्थवाद खरा असो वा खोटा, ती टळत नाहीत.

आमच्या घरातला निरर्थवाद

इथपर्यंत वाचून श्रद्धाळू वाचक मान डोलवत असतील, की बघा, देव न मानल्यानं काय होतं. त्यांना नम्रपणे सांगायचंय, की हा रोग आमच्या घरातही आहे. फक्त त्यानं टोपी घातलेली असते, कधी टिळा लावलेला असतो.

‘दुनिया फानी है’ हे आम्ही मुसलमान येता-जाता म्हणतो. फानी म्हणजे नाश पावणारी. शेजारी ‘सगळी माया आहे’ म्हणतात. ही वाक्यं लोभ कमी करण्यासाठी होती. पण गटार तुंबलेली असताना, मुलीची शाळा सुटलेली असताना, भावाचा वाटा द्यायचा राहिलेला असताना कुणी ‘दुनिया फानी है’ म्हणतो, तेव्हा तोही माझ्या विद्यार्थ्यासारखंच ‘काय फरक पडतो’ म्हणत असतो. फरक एवढाच, की पोरगा ते प्रामाणिकपणे म्हणाला.

पैगंबरांकडे आलेल्या एका माणसानं विचारलं होतं, की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? आधी बांध, मग भरवसा ठेव, असं त्याला सांगितलं गेलं, ही हदीस तिर्मिजींच्या संग्रहात आहे. आणि आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या राबिआंची गोष्ट तर सूफी घराण्यांत लहानपणीच कानावर पडते. एका हातात पेटता पलिता आणि दुसऱ्यात पाण्याची बादली घेऊन त्या रस्त्यानं निघाल्या होत्या. जन्नतला आग लावायची आणि दोजख विझवायचा, म्हणजे लोक बक्षिसाच्या आशेनं किंवा शिक्षेच्या भीतीनं नव्हे, तर अल्लाहसाठी त्याची भक्ती करतील. राबिआंचा सवाल श्रद्धाळूंना आहे. हिशेबाची वही काढून घेतली, तर तुम्ही उपाशी माणसाला जेवू घालाल का? ज्याचं उत्तर ‘नाही’ आहे, त्यानं निरर्थवाद्याला फार उपदेश करू नये.

रोज्याचंही तेच आहे. वजू करताना पाणी तोंडात असतं. दार लावलेलं असतं. एक घोट गिळला तर कुणालाही कळणार नाही. तो घोट थुंकून टाकला जातो तो कुणाच्या देखरेखीमुळे नव्हे. उलट विसरून कुणी पोटभर जेवला तरी रोजा मोडत नाही, कारण मोडायचं त्यानं ठरवलेलं नव्हतं. म्हणजे किंमत पोटात काय गेलं याची नाही, ठरवण्याची आहे. आम्ही तिला नियत म्हणतो. सहीह बुखारीतली पहिलीच हदीस नियतीवर आहे. मराठीतल्या ‘नियती’शी तिची गल्लत नको. नियती आपल्यावर येऊन आदळते. नियत आपण करतो, आणि रमजानात ती रोज नव्यानं करावी लागते. काल केलेली आज चालत नाही.

बगदादच्या वैद्यांचं निदान

आता गझालींची एक हकीकत. 1095 साली ते बगदादच्या निजामिया मदरशाचे नामांकित प्राध्यापक होते. शेकडो विद्यार्थी समोर बसत. आपल्या आत्मकथनात ते सांगतात, की तरुणपणी जवळपास दोन महिने त्यांचा डोळ्यांवर, बुद्धीवर, कशावरच विश्वास उरला नव्हता. त्यातून ते सावरले. पण 1095 चं संकट वेगळं होतं. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नव्हे, नावासाठी शिकवतो, असं त्यांना दिसलं. नियतच खोटी निघाली. सहा महिने निर्णय होईना. एक दिवस वर्गात जीभच उचलेना. घास उतरेना. वैद्य आले, तपासून म्हणाले, हा रोग काळजातून सुरू होऊन शरीरात उतरलाय, मनाला लागलेली टोचणी गेल्याशिवाय औषधानं गुण येणार नाही.

मी मात्र त्या पोराच्या काळजाला हात न लावता औषधाची बाटली पुढे केली होती.

चार दिवसांनी मी दुकानात गेलो. पायजमा शिवायचा निमित्ताला होताच. वडील जोहरच्या नमाजला गेले होते. मी म्हटलं, “त्या दिवशी मी चुकलो. तू काय विचारत होतास?”

तो बराच वेळ कात्रीशी खेळत राहिला. मग बोलला, अर्धं मराठीत, अर्धं आमच्या दखनीत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आई आजारी पडली, तेव्हा तो पुण्यात होता. परीक्षा तोंडावर होती. आईच फोनवर म्हणाली, पेपर देऊन ये. तो थांबला. परीक्षा पुढे ढकलली गेली आणि त्यानंतर दोन दिवसांत आई गेली. मातीलाही पोचता आलं नाही. त्यानंतरची सगळी वर्षं तो परीक्षा देत राहिला, कारण पास झालं तर तेव्हा थांबण्याला काही अर्थ लागला असता. नाव आलं नाही.

“म्हणून म्हणतो सर, कशालाच अर्थ नसेल तर बरं. मग मी तेव्हा निघालो काय, न निघालो काय.”

अजातशत्रूला पूरण कस्सपाकडे काय हवं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. आणि ते त्याला का पुरलं नाही, हेही. हा पोरगा ‘काही फरक पडत नाही’ म्हणत होता, कारण फरक फार पडला होता.

मी काही उत्तर दिलं नाही. त्याच्या आईनं थांब म्हटलं होतं आणि ते ऐकणं हा गुन्हा नव्हता, एवढंच म्हणालो. तो रडला. वडील येताना दिसले तेव्हा त्यानं डोळे पुसले आणि माझं माप घ्यायला टेप उचलली.

या निमित्तानं एक सांगायलाच हवं. घरातलं कुणी, तरुण असो वा म्हातारं, वारंवार ‘कशात काही नाही’ म्हणत असेल, झोप, भूक, माणसं सगळं सोडत असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. ऐका, आणि डॉक्टरकडे न्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. मानसिक त्रासासाठी डॉक्टरकडे जाणं म्हणजे ईमान कमी असणं नव्हे. गझालींच्या घरीही वैद्य आले होते.

हातातलं रोप

निघताना मी त्याला म्हटलं, “मशिदीत इफ्तारची फळं कापायला माणसं कमी पडतात. दीड तासाचं काम आहे. येशील? रोजा असायलाच हवा असं नाही.” यामागे काही मोठा विचार नव्हता. माणसं खरंच कमी पडत होती.

दुसऱ्या दिवशी तो आला. कलिंगडं, पपया, केळी, खजुरांची खोकी. दीडशे-दोनशे जणांची ताटं लावायची असतात. त्यात हमाल असतात, रिक्षावाले असतात, एस.टी. चुकलेला एखादा प्रवासी असतो. कोपऱ्यावरचा फळवाला, जो दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जातो, रमजानभर आम्हाला पडत्या भावात केळी देतो. कारण विचारलं तर म्हणतो, संध्याकाळी उपाशी माणसाला केळं मिळालं पाहिजे ना. शंभर वर्षांनंतरचा विषय त्याच्या डोक्यातही येत नाही.

ताटात खजूर मांडताना मला एक हदीस आठवली. मुस्नद अहमदमध्ये ती हजरत अनस यांच्याकडून आली आहे. आशय असा, की कयामत येऊन ठेपली असेल आणि कुणाच्या हातात खजुराचं रोप असेल, आणि ते लावणं जमत असेल, तर त्यानं लावून टाकावं.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण तिच्यातली धार मला उशिरा कळली. खजुराला फळ धरायला वर्षं लागतात. कयामत आली म्हणजे वर्षं संपली. सावलीत बसणारा नाही, फळ खाणारा नाही, लावणाऱ्याचं नाव घेणारा नाही. शंभर वर्षं तर सोडाच, पुढची संध्याकाळ नाही. माझ्या विद्यार्थ्याचा युक्तिवाद इथं शंभर टक्के लागू पडतो. आणि तरी सांगितलं जातं, लाव. कारण रोप हातात आहे, हात रिकामे नाहीत, आणि जमीन समोर आहे.

जे अल्लाहला मानतात त्यांच्यासाठी या हदीसमध्ये आणखीही अर्थ आहे आणि तो मी सोडायला तयार नाही. माझ्यासाठी ते रोप कुणीतरी बघतंय. पण जो मानत नाही त्यालाही या गोष्टीतून वगळण्याचं कारण दिसत नाही. रोप लावायला त्याचे हात चालतात. ओरानचा तो डॉक्टरही एका परीनं तेच करत होता.

आज इफ्तारला जो खजूर आपण तोंडात टाकतो, त्याचं रोप कुणी आणि काय विचार करून लावलं, ते आपल्याला माहीत नाही. अर्थ सापडल्यावर लावलं, की उदास मनानं लावलं, ते खजुराच्या चवीवरून कळत नाही. त्यानं लावलं, एवढं कळतं.

तो पोरगा तेव्हापासून रोज येतो. परवा पपई कापता कापता म्हणाला, “ईदनंतर अभ्यासिकेत जाऊन बघतो म्हणतो. कायमचं नाही, जमेल तितके दिवस.” मी ‘बरं’ म्हटलं. अर्थ सापडला का, असं मी विचारलं नाही, आणि त्यानंही तसं काही सांगितलं नाही. मगरिबची अजान झाली. आम्ही दोघं पंगतीच्या टोकाला बसलो आणि त्यानं ताटातला खजूर आधी माझ्या हातावर ठेवला, मग स्वतः घेतला.

त्या दिवशी त्याचा रोजा होता की नव्हता, ते मी विचारलं नाही.